तीन सेंटिमीटरांचं गणित

द्वारका म्हटलं की मराठी माणसाच्या मनात समुद्र येतो, कृष्ण येतो, चारधामांची यात्रा येते. दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाच्या द्वारकेत यातलं काही नाही. नजफगडकडच्या सपाट, गाळाच्या जमिनीवर, पप्पनकलां नावाच्या गावाच्या शिवारात दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली ही उपनगरी. २९ सेक्टर, साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र, रुंद रस्ते आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या रांगा. यातल्या सेक्टर १० मध्ये भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं मुख्यालय आहे. प्राधिकरणाचा कायदा १९८८ चा, प्रत्यक्ष काम सुरू झालं फेब्रुवारी १९९५ मध्ये. देशभरच्या महामार्गांच्या फायली फिरून फिरून याच पत्त्यावर येतात.

या फायलींतले काही आकडे पेपरात येतात: किती किलोमीटर, किती कोटी, किती पदरी, उद्घाटन कधी. एक आकडा मात्र कधी मथळ्यात दिसत नाही. रस्ता किती जाड? खालच्या मातीपासून वरच्या काळ्या पृष्ठभागापर्यंत मुरूम, खडी आणि डांबर मिळून एकूण किती मिलिमीटर? लांबी सगळ्यांना दिसते, जाडी कोणालाच दिसत नाही. ती गाडली जाते. आणि रस्ता टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात त्याची चाळण होणार, हे बहुतांशी या गाडलेल्या आकड्यावर ठरतं.

हा आकडा काढायला आपण कसे शिकलो, त्याची ही गोष्ट. तिच्यात मराठी माणसं आहेत, मराठी गावं आहेत आणि आपली काळी मातीही आहे.

अंदाजाचे दिवस

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खंडाळ्याचा बोरघाट चाकाच्या वाहनांसाठी खुला केला. तोपर्यंत कोकणातून देशावर माल यायचा तो माणसाच्या डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून. घाटात गाडी चढू लागली आणि रस्त्यावर किती वजन येतं हा प्रश्न पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

त्या काळी रस्ताबांधणीचं शास्त्र म्हणजे स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमची पद्धत. त्याआधीचे अभियंते मोठाले दगड रचून भक्कम पाया करत. मॅकॅडम म्हणाला, पायाची गरज नाही. वजन शेवटी मूळ मातीच पेलते. तिच्यावर बारीक फोडलेल्या खडीचे थर नीट दाबून बसवा, एकूण दहा इंच पुरेत, फक्त माती कोरडी राहिली पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वीच्या या म्हणण्यात पुढच्या सगळ्या गणिताचं बीज आहे. रस्त्याचं काम वजन पेलण्याचं नाही, वजन पसरवण्याचं आहे. चाकाखाली तळहाताएवढ्या जागेवर आलेला भार थराथरांतून उतरत जातो आणि मातीपर्यंत पोचेतो इतका पसरतो की माती तो सोसू शकते. जाडी म्हणजे भाराला पसरायला दिलेली जागा.

पण मॅकॅडमचे दहा इंच अनुभवातून आलेले होते, हिशेबातून नव्हे. आपल्याकडेही तसंच चाललं. दगडाचं सोलिंग इतकं, खडी इतकी, वर मुरूम इतका, ही मापं मुकादमाच्या तोंडी असत आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तशीच जात. बैलगाडीच्या लोखंडी धावा खडीचा भुगा करत, दर काही वर्षांनी नवी खडी पडे, रोलर फिरे. मोटारी आल्यावर वेगळाच त्रास सुरू झाला. रबरी चाकं वेगाने फिरताना खडीच्या फटींतली बारीक माती शोषून उडवू लागली. मागे धुळीचा लोट, पुढे उघडी पडलेली खडी. खडीला धरून ठेवायला डांबर हवं होतं, आणि डांबराला पैसे.

बॅरिस्टरांची समिती

पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जयकर ग्रंथालय माहीत असतं. ज्यांचं नाव त्या ग्रंथालयाला आहे ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण भारतातल्या आधुनिक रस्त्यांचा पाया ज्या समितीने घातला तिचे अध्यक्ष जयकरच होते, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

१९२७ साली भारत सरकारने रस्तेविकास समिती नेमली. जयकर तेव्हा मुंबईचे नामांकित वकील आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य. १९२८ मध्ये समितीचा अहवाल आला. रस्ते हा विषय प्रांतांच्या ताकदीबाहेर गेला आहे, त्याची जबाबदारी केंद्राने घ्यावी, जो पेट्रोल जाळतो त्याच्याकडून रस्त्याचे पैसे घ्यावेत, अभियंत्यांना एकत्र बसून विचार करायला एक व्यासपीठ द्यावं आणि रस्त्यांवर संशोधन करणारी संस्था उभारावी, असा तिचा रोख होता.

पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, स्थापन झाली. संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. दिल्ली-मथुरा रस्त्यावरची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, सीआरआरआय, १९५२ मध्ये सुरू झाली. आज देशातल्या कुठल्याही डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना अभियंता जी पुस्तिका उघडतो, ती आयआरसीची. वकिलाच्या समितीतून अभियंत्यांची संहिता जन्मली, ती अशी.

मधल्या काळात डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. महायुद्ध चालू होतं, तरी या मंडळींनी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आज आपण सहज वापरतो ती वर्गवारी या नागपूर योजनेची. दर शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रामागे सोळा किलोमीटर रस्ता, हे तिचं उद्दिष्ट. १९६१ च्या मुंबई योजनेने ते दुप्पट करून बत्तीसवर नेलं.

म्हणजे जयकरांनी पैसा दिला, नागपूरने लांबी दिली. जाडीचं उत्तर अजून यायचं होतं. ते तयार होत होतं सातासमुद्रापार.

मातीला विचारलेला प्रश्न

१९२८-२९ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्यात ओ. जे. पोर्टर नावाचे अभियंते खराब झालेले रस्ते तपासत होते. काही रस्ते टिकतात, काही त्याच वाहतुकीखाली बसतात, असं का? उत्तर मातीत होतं. मग मातीची ताकद एका आकड्यात सांगायची त्यांनी युक्ती काढली. तिचं नाव कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, आपल्या साइटवरच्या भाषेत सीबीआर.

चाचणी साधी आहे, आणि आजही जवळपास तशीच होते. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठोकून भरायची. साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण माती सगळ्यांत दुबळी असते ती पावसाळ्यात, आणि रस्ता बांधायचा तो त्या दिवसांसाठी. मग पन्नास मिलिमीटर व्यासाचा पोलादी दट्ट्या मिनिटाला सव्वा मिलिमीटर अशा संथ गतीने मातीत घुसवायचा. तो अडीच मिलिमीटर आत जाईपर्यंत किती जोर लागला ते पाहायचं. उत्तम फोडलेल्या खडीत हाच दट्ट्या तेवढाच घुसवायला १,३७० किलो जोर लागतो. ते शंभर टक्के. मातीला साडेअडुसष्ट किलोच लागले, तर तिचा सीबीआर पाच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला जगभर घाईने विमानतळ बांधायचे होते. अवजड विमानांच्या चाकांखाली धावपट्टी किती जाड हवी, हे सांगणारी सोपी रीत त्यांना पाहिजे होती. १९४२ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी पोर्टर यांची चाचणी उचलली, तिच्यावरून जाडीचे आलेख बनवले आणि युद्ध संपेपर्यंत सीबीआर जगभर पोचला.

मराठी मुलखात या चाचणीने एक जुनी गोष्ट आकड्यात मांडली. विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार माती कापसाला जीव लावते, पण रस्त्याला जीव नकोसा करते. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. भिजवलेल्या साच्यात तिचा सीबीआर दोनतीनवर येतो. म्हणजे दट्ट्याला तीसचाळीस किलोंचाही अडसर नाही. शेतकऱ्याची लक्ष्मी ती अभियंत्याची वैरीण. म्हणूनच आपल्याकडे काळ्या मातीवर आधी चांगल्या मुरमाचा जाड थर घालण्याची पद्धत पडली. मुकादमांना हे अनुभवाने ठाऊक होतं. सीबीआरने त्यांना साक्ष दिली.

ट्रक मोजावे की तोलावे?

१९७० मध्ये आयआरसीने डांबरी रस्त्यांच्या जाडीची मार्गदर्शिका काढली. तिचा क्रमांक ३७. आयआरसी-३७ या नावानेच ती ओळखली जाते. पहिल्या आवृत्तीत ‘ए’ ते ‘जी’ असे सात वक्र होते. दिवसाला पंधरापेक्षा कमी व्यापारी वाहनं असतील तर पहिला, साडेचार हजारांहून अधिक असतील तर शेवटचा. आडव्या अक्षावर मातीचा सीबीआर, उभ्या अक्षावर जाडी. वक्र निवडा, बोट ठेवा, आकडा वाचा. भारतीय अभियंत्याला अंदाजातून सोडवणारं हे साधन.

त्यात एक उणीव होती. ट्रक मोजले जात होते, तोलले जात नव्हते. रिकामा ट्रक आणि उसाने खच्चून भरलेला ट्रक या आलेखावर सारखेच.

या उणिवेचं उत्तर अमेरिकेत मिळालं होतं. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं एक प्रचंड प्रयोग चालला. वेगवेगळ्या जाडीच्या रस्त्यांची बंद वर्तुळं बांधली आणि लष्करी चालकांनी त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक अखंड फिरवले. प्रयोग संपला तेव्हा चाकांच्या फेऱ्यांचा आकडा होता अकरा लाख चौदा हजार. निष्कर्ष धक्कादायक होता. रस्त्याचं नुकसान वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ते साधारण वजनाच्या चौथ्या घातात वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट.

इथून एक नवं माप आलं. अठरा हजार पौंडांचा, म्हणजे ८.१६ टनांचा, एक अ‍ॅक्सल प्रमाण मानायचा. अ‍ॅक्सल म्हणजे बैलगाडीच्या भाषेत आस. रस्त्यावरून गेलेली प्रत्येक आस या प्रमाण आसेच्या किती पट नुकसान करते, ते काढायचं. मोटारीची सहाशे किलोंची आस घ्या: तिच्या सुमारे चौतीस हजार फेऱ्या झाल्या, तर एका प्रमाण आसेइतकं नुकसान होतं. म्हणून जाडीच्या हिशेबात मोटारी, रिक्षा, स्कूटर धरतच नाहीत. रस्ता मोडतो तो ट्रक.

१९८४ च्या सुधारित आयआरसी-३७ ने हे माप स्वीकारलं. ट्रकांच्या दैनंदिन संख्येची जागा रस्त्याच्या आयुष्यभरातल्या प्रमाण आसांच्या बेरजेने घेतली, आणि ती दशलक्षांत मोजली जाऊ लागली. अभियंते तिला एमएसए म्हणतात.

हा हिशेब वाचकालाही करता येईल. दोनपदरी रस्ता, दोन्ही दिशांनी मिळून दिवसाला २,००० व्यापारी वाहनं. त्यातली निम्मी एका पदरावर, म्हणजे १,०००. प्रत्येक वाहन सरासरी पाच प्रमाण आसांइतकं नुकसान करतं असं धरू. वाहतूक दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढते, रस्ता वीस वर्षं टिकला पाहिजे. गुणाकार केला की उत्तर येतं सहा कोटी प्रमाण आस, म्हणजे ६० एमएसए. वाहतूक वाढणार हे विसरलात तर उत्तर साडेतीन कोटींच्या आसपास येईल, आणि रस्ता कागदावर वीस वर्षांचा असूनही चौदाव्या वर्षी दम तोडेल.

पुण्यातला अपवाद

ही आकडेमोड परिषदांच्या सभागृहांत चालू असताना पुण्यात एक वेगळाच धडा गिरवला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या पावसाने शहरातल्या रस्त्यांची दुर्दशा केली. महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईतल्या चांगल्या रस्त्यांमागे कोण आहे याचा शोध घेतला आणि रेकॉन्डो या पारशी बंधूंच्या कंपनीपर्यंत ते पोचले. गरम मिश्रणाचं डांबरीकरण करणारी ही कंपनी. डेक्कन ते शिवाजीनगर या पट्ट्यातल्या जंगली महाराज रस्त्याचं काम तिला मिळालं, आणि तिने दहा वर्षांची लेखी हमी दिली. १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता पूर्ण झाला.

हमीची मुदत संपून कित्येक वर्षं लोटली तरी रस्ता धड होता. पुणेकरांनी त्याची आख्यायिका केली, आणि पुणेकर आख्यायिका करतात तेव्हा त्यात शेजारच्या रस्त्यांना टोमणा असतोच. न्यायाने सांगायचं तर या रस्त्यावरून लांब पल्ल्याचे मालट्रक फारसे जात नाहीत. आसांचा हिशेब त्याच्या बाजूचा होता. पण एवढ्याने आख्यायिका खोटी ठरत नाही. शहरातल्या इतर रस्त्यांवरूनही मालट्रक जात नाहीत, आणि तरी ते उखडतात. फरक हमीचा होता. जो दहा वर्षांची जबाबदारी घेतो तो मिश्रणाचं तापमान पाहतो, पाण्याचा निचरा पाहतो, आणि थराची जाडी कोणी न सांगता मोजतो.

शेवटचा वक्र संपतो तेव्हा

१९८४ चे आलेख ३० एमएसएपर्यंत जात होते. तेव्हा तो मोठा आकडा वाटला असणार. नव्वदच्या दशकात उदारीकरणानंतर ट्रक वाढले, लांबले, जड झाले. सुवर्ण चतुष्कोनाची कामं निघाली, आणि महामार्गांचे अभियंते आलेखाच्या उजव्या कडेवर येऊन थांबले. रस्ता पुढे जात होता, वक्र संपला होता.

२००१ च्या आवृत्तीने ही मर्यादा १५० एमएसएवर नेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वक्रांमागचं तत्त्व बदललं. अनुभवाच्या जोडीला यंत्रशास्त्र आलं. मऊ गादीवर फळी ठेवून तिच्यावर उभे राहा. फळी किंचित वाकते, तिची खालची बाजू ताणली जाते. आणि पायाखालची गादी दबते. डांबरी थराचं तसंच आहे. प्रत्येक चाकाखाली तो क्षणभर वाकतो, त्याचा तळ ताणला जातो. लाखो वेळा ताणला गेला की तळाशी बारीक चीर पडते आणि वर चढत येते. मगरीच्या कातडीसारखं जाळं उमटतं. दुसरीकडे खालची माती दर वेळी कणभर दबते आणि परत पूर्ण उठत नाही. कालांतराने चाकोऱ्या पडतात. जाडी अशी हवी की तळाचा ताण आणि मातीचा दाब दोन्ही सोसण्याच्या मर्यादेत राहावेत. चिरांच्या समीकरणात हा ताण दुप्पट झाला, तर आयुष्य जवळजवळ पंधराव्या हिश्शावर येतं. २०१२ च्या आवृत्तीबरोबर आयआयटी खरगपूरमध्ये बनलेला आयआयटीपेव्ह हा संगणकीय कार्यक्रम आला आणि २०१८ च्या आवृत्तीनेही तो ठेवला. आज अभियंता थरांची जाडी स्वतः सुचवतो आणि संगणकाला विचारतो: एवढ्याने भागेल का?

पण सामान्य वाचकाला कळेल असं चित्र २००१ च्या तक्त्यांतच आहे. १० एमएसए वाहतुकीसाठी मातीचा सीबीआर दोन असेल तर एकूण जाडी ८५० मिलिमीटर. पाच असेल तर ६६०. दहा असेल तर ५४०. म्हणजे काळ्या मातीवरचा रस्ता चांगल्या मुरमाड जमिनीवरच्या रस्त्यापेक्षा फूटभर जाड हवा, वाहतूक अगदी तेवढीच असली तरी. सगळ्या राज्यात एकाच मापाचा रस्ता करणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवणं.

आता माती तीच ठेवा, सीबीआर पाच, आणि वाहतूक वाढवा. १० एमएसएला ६६० मिलिमीटर. २० एमएसएला ६९०. १०० एमएसएला ७५०. खालचा खडी-मुरमाचा भाग तिन्हींत सारखाच, ५५० मिलिमीटर. वाढतो फक्त डांबरी भाग: ११०, १४०, २००.

हे आकडे सावकाश वाचा. वाहतूक दुप्पट झाली तर जाडी फक्त तीस मिलिमीटरने वाढते. दहापट झाली तरी नऊ सेंटिमीटर. पहिल्या नजरेला ही आनंदाची बातमी वाटते: थोडंसं डांबर जास्त घाला आणि दुप्पट आयुष्य मिळवा. हेच वाक्य उलटं वाचलं की अंगावर काटा येतो. तीन सेंटिमीटर डांबर कमी घाला, निम्मं आयुष्य गेलं. सव्वादोन फूट खोल रस्त्यात तीन सेंटिमीटर! डोळ्याला कळत नाहीत, गाडीला कळत नाहीत, उद्घाटनाच्या दिवशी तर कोणालाच कळत नाहीत. जाडीतली काटकसर पाच टक्क्यांची दिसते आणि पन्नास टक्क्यांची निघते.

वरचं ओझं

हेच नुकसान वरूनही करता येतं. चौथ्या घाताच्या नियमाने आसेवरचं वजन वीस टक्क्यांनी वाढलं की नुकसान दुप्पट होतं. तेव्हा खालून तीन सेंटिमीटर काढा किंवा वरून वीस टक्के जादा माल लादा. रस्त्याच्या हिशेबात दोन्ही एकच. पहिल्याला आपण भ्रष्टाचार म्हणतो, दुसऱ्याला धंदा.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये ओव्हरलोड वाहनांना परवानगी देण्याची राज्यांची प्रथा बेकायदा ठरवली. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने कायदेशीर मर्यादाच वाढवली. चार चाकांच्या एका आसेवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालतील असं ठरलं. नवे ट्रक सक्षम आहेत, वाहतुकीचा खर्च कमी होईल, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. पण रस्त्याचं गणित वेगळं पडतं. १०.२ टनांची आस प्रमाण आसेच्या २.४४ पट नुकसान करते, ११.५ टनांची ३.९४ पट. वजनात वाढ सव्वा टनाची, नुकसानात साठ टक्क्यांहून अधिक. नवे रस्ते हा आकडा धरून बांधता येतात. पण ज्यांची जाडी जुन्या हिशेबाने ठरली होती त्यांच्या पोटात काही कोणी मागाहून डांबर भरलं नाही.

पुन्हा द्वारका

सेक्टर १० मधल्या कार्यालयापासून जवळच द्वारका द्रुतगती मार्ग जातो. महिपालपूरच्या शिवमूर्तीपासून गुरुग्रामच्या खेडकी दौलापर्यंत सुमारे २९ किलोमीटर. हरियाणातला भाग ११ मार्च २०२४ रोजी खुला झाला, दिल्लीतला १७ ऑगस्ट २०२५ रोजी. त्याआधी, २०२३ मध्ये, महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून देशभर चर्चा झाली. मंजूर आराखड्यात किलोमीटरला १८.२० कोटी धरले असताना इथे २५०.७७ कोटी कसे, हा आक्षेप. आठपदरी उन्नत मार्ग आणि बोगद्यामुळे सरासरीशी तुलना चुकीची, हे मंत्रालयाचं उत्तर. वाद किलोमीटरचा आणि कोटींचा. रस्ता खांबांवर चढला की मातीचा सीबीआर विचारायची गरज उरत नाही. तिथे पुलाचा हिशेब लागतो. जमिनीवर उतरला की तोच दट्ट्या, तोच साचा, तेच चार दिवस पाण्यात.

१७ ऑगस्ट २०२५ लाच खुल्या झालेल्या दिल्लीच्या दुसऱ्या नागरी विस्तार मार्गाच्या भरावात दिल्लीच्या कचऱ्याच्या डोंगरांतून काढलेला लक्षावधी टन निष्क्रिय राडारोडा घातला आहे. कचऱ्याचा डोंगर रस्त्याखाली जाताना त्यालाही तोच प्रश्न विचारला जातो: तू किती सोसशील?

केंद्रातल्या रस्ते आणि महामार्ग खात्याचे मंत्री २०१४ पासून नागपूरचे नितीन गडकरी आहेत, म्हणजे जिथे १९४३ मध्ये मुख्य अभियंते लांबीचा हिशेब करायला बसले होते त्या गावचे. आणि प्राधिकरणाचा एक गाजलेला विक्रमही विदर्भातलाच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पदर सलग घातला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. कामगिरी मोठी आहे, शेकडो कामगारांच्या घामाची आहे. पण नोंद पुन्हा लांबीची आणि वेळेची. जाडीचा विक्रम कुठल्याच पुस्तकात नसतो.

खरं तर जाडी मोजणं अवघड नाही. कोअर कटर नावाचं यंत्र रस्त्यातून डांबराचा गोल ठोकळा कापून वर काढतं. ठोकळ्याला पट्टी लावली की झालं. जयकरांच्या समितीपासून आयआयटीपेव्हपर्यंत शंभर वर्षांची बुद्धी त्या पट्टीवर येऊन उभी राहते. पट्टी लावली नाही, तर ती सगळी फुकट.

तुमच्या गल्लीत, गावात, तालुक्यात पुढचा रस्ता होईल तेव्हा फलकावरची लांबी आणि रक्कम वाचून थांबू नका. तीन आकडे विचारा: मातीचा सीबीआर किती, किती एमएसए धरले, आणि कोअरमध्ये जाडी किती निघाली. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मराठीत चालतो. आकडे मिळाले की २००१ च्या तक्त्यातल्या दोन ओळी आठवा, ६६० आणि ६९०. त्यांच्यातला फरक तीन सेंटिमीटर डांबराचा आहे, आणि एक कोटी आसांचा.